रम, लिंबू, साखर आणि वरणाचा डबा

घरी कॉकटेल करायचं म्हटलं की लोक आधी ऑनलाइन शेकरचा सेट बघायला लागतात, मग ती कडू थेंबांची बाटली, ती संत्र्याची लिकर, आणि एकूण आकडा बघून शेवटी गुपचूप कोकमध्ये रम ओततात. अरे थांबा ना जरा. डायक्विरी करा. पांढरी रम, लिंबू, साखर, बर्फ, बास. ते स्ट्रॉबेरी घालून मिक्सरमधून फिरवलेलं गुलाबी प्रकरण नाही म्हणत मी, साधी, मूळची.

ही क्यूबातली. तिकडे सांतियागोजवळ डायक्विरी नावाचं गाव आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे लोखंडाच्या खाणी होत्या, आणि 1898 च्या सुमाराला तिथल्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने हे पेय शोधलं असं सांगतात. आता ज्या बेटावर ऊस, रम आणि लिंबं सगळीकडे, तिथे कॉक्ससाहेब यायच्या आधी कुणालाच हे सुचलं नसेल हे मला काही पटत नाही, पण नाव लागलं ते लागलं. तर सांगायचं काय, खाणीवरच्या वस्तीत जे जमलं ते आपल्या किचनमध्ये जमायलाच पाहिजे.

आणि लिंबाच्या बाबतीत तर आपण चक्क पुढे आहोत. आपलं कागदी लिंबू, पातळ सालीचं, बियाच बिया असलेलं, हे आणि कॅरिबियनमधलं लिंबू एकच, अमेरिकेत त्याला की लाइम म्हणतात. मुळात ते आशियातूनच तिकडे गेलं. अमेरिकेतल्या दुकानात सर्रास मिळतं ते मोठं बिनबियांचं पर्शियन लाइम, ती वेगळी जात. म्हणजे तिकडचे हौशी लोक ज्या लिंबासाठी वणवण करतात ते आपल्याकडे भाजीवाला कोथिंबिरीबरोबर पिशवीत टाकतो (उन्हाळ्यात नाही टाकत, उन्हाळ्यात तो ओळखही दाखवत नाही).

माप महत्त्वाचं आहे, अंदाजपंचे नको. कफ सिरपच्या बाटलीवर खुणा असलेलं झाकण असतं ना, ते गरम पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या, वास जाईपर्यंत. रम 60 मिली, म्हणजे एक लार्ज. लिंबाचा रस 20 मिली, त्याला लिंबाच्या आकारानुसार एक-दोन लिंबं लागतात, ताजीच पिळा, बाटलीतला रस असेल तर सरळ कोकच प्या. साखर दोन सपाट चमचे, चहाचे. साखर दारूत पटकन विरघळत नाही म्हणून आधी ती लिंबाच्या रसात पूर्ण ढवळून घ्यायची, खाली कण राहता कामा नये, मग रम. पिठीसाखर मी टाळतो, बाजारच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नस्टार्च असतो.

शेकर म्हणजे घट्ट झाकणाचा, रबराची रिंग असलेला स्टीलचा डबा, ज्यातून ऑफिसला वरण नेतात तोच. बर्फ फ्रीझरमधून अगदी शेवटी काढा, कारण घरचे क्यूब छोटे, बाहेर राहिले की पाणी सुटतं आणि ड्रिंक पांचट. डबा बर्फाने जवळपास भरा, झाकणावर हात दाबून धरा आणि दहा-पंधरा सेकंद जीव खाऊन हलवा, हळूहळू नाही. बाहेरून डब्यावर दव धरलं आणि हात गारठला की झालं. थोडं पाणी उतरायलाच हवं बरं का, नाहीतर रम घशाला लागते. आतली हवा थंड होऊन झाकण कधीकधी आत ओढलं जातं आणि उघडतच नाही, तेव्हा कडेला कोमट पाणी लावा, दाताने खेचू नका.

मग चहाच्या गाळणीतून (धुतलेल्या!) फ्रीझरमध्ये ठेवलेल्या छोट्या ग्लासात. ग्लासात बर्फ नाही. लगेच प्यायची, ही गप्पा मारत तासभर पुरवायची गोष्ट नाही.

ओल्ड मंकची होते का? होते, पण मग त्या काळ्या रममधला व्हॅनिलाचा स्वाद सगळ्यावर चढून बसतो, तेव्हा साखर दीड चमचाच घाला आणि लिंबू किंचित वाढवा. मला तर थंडीत तीच जास्त आवडते, क्यूबावाले काय म्हणायचं ते म्हणोत. फक्त वरून सोडा ओतू नका. चांगलं लागतं, नाही असं नाही, पण मग एवढा डबा कशाला हलवला?