घड्याळ कुठे बसायचं, हे शिंपी ठरवतो

जीन्सच्या उजव्या खिशात आणखी एक चिमुकला खिसा असतो. नाणं त्यात कसंबसं जातं आणि गेलं की निघत नाही. तो मुळात साखळीच्या घड्याळासाठी शिवलेला. घड्याळ गेलं, खिसा राहिला. शिंप्यांची स्मरणशक्ती फार चिवट.

मला तर वाटतं, घड्याळाचा इतिहास घड्याळजींइतकाच शिंप्यांनीही घडवला. सोळाव्या शतकातलं घड्याळ गळ्यात लोंबायचं. त्याला एकच काटा, तासाचा, आणि वेळेच्या बाबतीत सगळा आनंदच. दागिनाच तो! जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या काळात दागिन्यांवर बंधनं आली, तेव्हा तिथले सोनार घड्याळांकडे वळले. ही पळवाट मला भारी आवडते.

१६६६ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने दरबारात वेस्टकोट आणला. पुढे १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने बॅलन्स स्प्रिंगचं, म्हणजे चाल एकसारखी ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं आणि मिनिटकाटा लावण्यात काही अर्थ उरला. आता वेळ सांगू लागलेलं घड्याळ पुरुषांच्या वेस्टकोटच्या खिशात जाऊन बसलं, ते दोनेकशे वर्षं तिथेच.

बायकांना वेस्टकोट नव्हता, म्हणून त्यांचं घड्याळ कमरेच्या साखळीवर, छातीवरच्या पिनवर आणि शेवटी मनगटावर आलं. पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याने नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिच्यासाठी मनगटी घड्याळ बनवून दिलं ते १८१२ मध्ये. पुरुष मात्र पुढची शंभर वर्षं या प्रकाराला बायकी म्हणून हसत राहिले. वैमानिक सांतोस द्युमाँला विमान चालवताना खिशात हात घालणं जमेना, तेव्हा पॅरिसचा जवाहिऱ्या लुई कार्तिए याने १९०४ मध्ये त्याच्यासाठी मनगटी घड्याळ घडवलं. नंतर पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत सैनिकांना मनगटावरचं घड्याळच सोयीचं पडलं आणि उरलेलं हसूही मावळलं.

२५ डिसेंबर १९६९ ला जपानी सेइको कंपनीचं क्वार्ट्झ घड्याळ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, बाजारात आलं. अचूकपणा हळूहळू इतका स्वस्त झाला, की विकायला उरलं फक्त रूप. १९८३ मध्ये आलेल्या स्वॉच या स्विस कंपनीने तर प्लॅस्टिकच्या घड्याळांना कपड्यांसारखे हंगाम लावले. १९८७ मध्ये शनेल या पॅरिसच्या फॅशन घराण्याचं पहिलं घड्याळ आलं. ते रेखाटलं झाक एल्यूने; तो शनेलचा कलादिग्दर्शक, घड्याळजी नव्हे. आकार अत्तराच्या बाटलीच्या बुचासारखा आणि काळ्याभोर तबकडीवर एकही आकडा नाही. वेळ अंदाजाने ओळखायची. म्हणजे पुन्हा सोळावं शतकच की!

सगळ्यात हुशार मला वाटतो फॅशन डिझायनर मार्टिन मार्जिएला. १९९८ मध्ये त्याने एर्मेस या फॅशन घराण्याच्या ‘केप कॉड’ नावाच्या घड्याळाला नुसता लांब पट्टा लावला, मनगटाभोवती दोनदा गुंडाळायचा. आतल्या यंत्राला हातही लावला नाही, तरी घड्याळ नवं झालं. याला म्हणतात शिंपीकाम.

शिंप्याचं न ऐकणारा एकच माणूस मला आठवतो: फियाट या इटालियन मोटार कंपनीचा प्रमुख जानी आन्येल्ली. तो घड्याळ चक्क शर्टाच्या कफवर बांधायचा. कारणं अनेक सांगतात. मला तो नुसता रुबाब वाटतो. मीही करून पाहिलंय. पट्टा सैल करावा लागतो, कफ चुरगळतो आणि समोरचा माणूस वेळ सोडून आपल्या तोंडाकडे बघत बसतो.