बोलणं गेल्यावर उरलेली कविता

माझ्या टेबलावर तपासणीच्या कागदांशेजारी कवितांच्या दोन-तीन वह्या कायम पडलेल्या असतात. पेशंटसोबत आलेली माणसं त्या चाळतात आणि हमखास विचारतात, "मॅडम, यांचा इथे काय उपयोग?" कधी प्रश्न आणखी मोठा होतो. एकूणच कवितेचा रोजच्या जगण्यात उपयोग काय? मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली, त्यांच्याबरोबर काम करते. त्यामुळे या प्रश्नाचं माझं उत्तर माझ्या कामातूनच येतं. आज ते जरा सविस्तर लिहिते. (पुढे ज्यांच्याविषयी लिहिलंय ती माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी वाचाघाताबद्दल, म्हणजे अफेजियाबद्दल. बहुतेक माणसांमध्ये भाषेचं मुख्य काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं. तिथला रक्तपुरवठा बंद झाला की उजवा हात-पाय लुळा पडतो आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर बोलणंही जातं. जीभ शाबूत असते, ओठ हलतात, समोरचा काय म्हणतोय ते बरंचसं कळतं. शब्द मात्र सापडत नाही. पेला समोर ठेवून "हे काय?" म्हटलं तर माणूस तो उचलतो, पिऊन दाखवतो, आणि तोंडातून "त... त..." एवढंच निघतं. त्या वेळचे डोळे बघवत नाहीत. आपल्याला माहीत आहे हे त्याला माहीत असतं.

एक आजोबा माझ्याकडे येत. आयुष्यभर रोखपाल म्हणून काम केलेले, आकड्यांत मुरलेले. त्यांना "सात म्हणा" म्हटलं की काही यायचं नाही. पण मी "एक..." म्हणून सुरुवात करून दिली की गाडी थेट वीसवर जाऊन थांबायची, सातासकट. सोमवार म्हटला की रविवारपर्यंत सगळे वार यायचे. चिडले की शिवीही अगदी स्पष्ट यायची आणि घरच्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. असं का होतं, याचा विचार एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश डॉक्टरांनी बारकाईने केला. आपण विचार करून, जुळवून बोलतो ते बोलणं वेगळं आणि आपोआप ओठांवर येणारं वेगळं, हे त्यांनी दाखवलं. पहिलं गेलं तरी दुसरं राहू शकतं. आकडे, वार, शिव्या, प्रार्थना हे सगळं दुसऱ्यात मोडतं.

पाठ असलेली कविताही त्यातच येते. फक्त आकड्यांचं आणि कवितेचं एका बाबतीत जमत नाही. वीसपर्यंत मोजून झाल्यावर आजोबा तसेच बसून राहायचे, चेहऱ्यावर काही हलायचं नाही. पण लहानपणी शाळेत पाठ केलेल्या एका कवितेचं कडवं त्यांनी माझ्यामागून पूर्ण केलं, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. तोंडातून निघालेलं आपोआपच होतं, पण त्या शब्दांना अर्थ होता, त्यात कुणीतरी कुणालातरी बोलावत होतं, आणि ते त्यांना ऐकू आलं होतं. स्वतःच्या आवाजात पुरी ओळ ऐकायला मिळणं ही त्यांच्यासाठी झटक्यानंतरची पहिलीच वेळ होती.

पुढे जे झालं ते मी अजून अनेकांना सांगते. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला पावसाला बोलावणारं ते बडबडगीत येतं. आजोबांनाही यायचं, आम्ही सरावात घेतलेलं होतं. एका दुपारी घरी ते खिडकीकडे बोट दाखवून त्या गीताची पहिली ओळ म्हणायला लागले. मुलीला वाटलं, सराव चाललाय. तिने शाबासकी दिली. त्यांनी मान जोरात हलवली, पुन्हा तीच ओळ म्हटली, पुन्हा बोट दाखवलं. बाहेर आभाळ आलं होतं आणि कपडे दोरीवर होते. मुलगी धावली. दुसऱ्या दिवशी मला सांगताना ती रडत होती, कारण बाबांनी तिला काहीतरी *सांगितलं* होतं. आपोआप येणारी ओळ त्यांनी मुद्दाम, कामासाठी वापरली होती. जॅक्सन यांच्या दोन कप्प्यांमधली भिंत त्या दुपारी एका बडबडगीताने ओलांडली.

हे काही नवं नाही. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ डालिन यांनी एका तरुण शेतकऱ्याची नोंद करून ठेवली आहे. उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं, "हो" सोडून शब्द नाही. पण आजारपणाआधी शिकलेली काही स्तोत्रं, कुणी सुरुवात करून दिली की तो स्पष्ट गात असे. काही प्रार्थना तर न गाताही म्हणत असे, मात्र एका ठरावीक लयीत आणि वरच्या पट्टीत. डाव्या मेंदूचं आणि वाचेचं नातं फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी मांडलं ते त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. ज्या पेशंटमुळे त्या कामाला सुरुवात झाली, त्याला फक्त "टान" एवढाच उच्चार करता येत होता, ते वर्ष १८६१.

डालिन यांच्या नोंदीतला "न गाता, पण लयीत" हा भाग मला फार मोलाचा वाटतो. १९७३ साली बॉस्टनमध्ये सुरांचा आधार घेऊन वाचा परत आणण्याची एक उपचारपद्धत मांडली गेली. तिच्यात शब्द सुरात म्हणायचे आणि प्रत्येक अक्षराबरोबर डाव्या हाताने ठेका धरायचा. तेव्हापासून सर्वसाधारण समज असा की वाचवतं ते गाणं, कारण सूर उजव्या मेंदूचे. मग २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी वाचाघाताच्या १७ पेशंटना घेऊन सूर आणि लय वेगवेगळे करून तपासले. गाऊन म्हणण्याने तितका फरक पडला नाही. फरक पडला तो लयीने, आणि शब्द ओळखीचे, तोंडात बसलेले असण्याने. म्हणजे ज्याला गाता येत नाही, ज्याला सूर कळत नाही, त्यालाही छंदाचा आधार मिळू शकतो. लय आणि ओळखीचे शब्द, यांची जोडी ज्यात बांधलेली असते तिला आपण कविता म्हणतो. मी संशोधक नाही, रोज पेशंट बघणारी बाई आहे, पण माझ्या टेबलाजवळ मला हेच दिसतं.

प्रत्यक्षात मी काय करते, तर फार थोडं. ओळ निवडते. त्यांच्या डाव्या तळव्याखाली माझा हात ठेवून टेबलावर ठेका देते. ओळ दोनदा माझ्याबरोबर म्हणवून घेते. तिसऱ्या वेळी शेवटच्या शब्दाआधी थांबते. आणि वाट बघते. हे वाट बघणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. घरच्यांना तर ते अजिबात सोसत नाही, ते लगेच शब्द पुरवतात. मी हाताने त्यांना थांबवते. त्या रिकाम्या जागेत ठेका चालू असतो आणि माणूस त्या शब्दाच्या दिशेने चाललेला असतो, हे त्याच्या कपाळावर दिसतं. शब्द आला की पुढच्या वेळी दोन शब्द आधी थांबायचं.

"त्यापेक्षा पाणी, जेवण, बाथरूम एवढं म्हणायला शिकवा ना," असं एका पेशंटच्या मुलाने मला तोंडावर सांगितलं होतं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ते शब्द आम्ही शिकवतोच, त्यावर तासन्‌तास घालवतो. कवितेने वाचाघात बरा होतो असंही मी कुणाला सांगत नाही. पाठ ओळ म्हणता आली म्हणजे बोलता आलं, असं होत नाही. पुष्कळांच्या बाबतीत ओळ ओळच राहते, त्यापलीकडे जात नाही. तरीही मी ती सोडत नाही. ज्या माणसाला दिवसभर फक्त पाणी आणि बाथरूम मागता येतं, त्याला आपण माणूस म्हणून उरलोय का, अशी शंका यायला लागते. मी ती शंका पेशंटच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. पाणी मागण्याखेरीज आणखीही काही तोंडून निघतं, सुंदर काही निघतं, हे त्याला कळणं मी उपचाराचाच भाग मानते.

इटालियन लेखक प्रिमो लेव्ही नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत कैदी होते. त्यांनी तिच्याबद्दल लिहिलेल्या पुस्तकात एक प्रसंग आहे. सूप आणायला जाताना ते बरोबरच्या तरुण कैद्याला इटालियन शिकवायचं म्हणून जुने इटालियन कवी दान्ते यांच्या कवितेतल्या, युलिसिस या ग्रीक वीराच्या ओळी आठवू लागतात. काही ओळी येतात, मधल्या सापडत नाहीत. त्या सांधता आल्या तर आजचं सूप देऊन टाकीन, असं ते म्हणतात. छावणीत सूप म्हणजे जगणं होतं. हा प्रसंग वाचताना मला माझे पेशंट दिसतात, मधला शब्द शोधणारे. कवितेचा उपयोग काय असं कुणी विचारलं की सर्वांत आधी हेच मनात येतं, की उपाशी माणसाने तिची किंमत अशी लावली होती.

कागद हाताशी नसताना टिकण्यासाठीच तर कविता अशी बांधलेली असते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त गणित श्लोकांत घातलं, ते पाठ राहावं म्हणून. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करता करता रचलेलं सगळं त्यांच्या तोंडात होतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्यातलं काही उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, गाणी छापून आली. आपण त्यांना आज पुस्तकातल्या कवयित्री म्हणून वाचतो. मला त्या नेहमी हातात काम असलेल्या बाई म्हणूनच दिसतात. कवितेसाठी त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नव्हता.

मुक्तछंदाचं काय, असं वाचणारे विचारतील. तो पाठ राहायला कठीण, हे खरं. पण मला तो दुसऱ्या पेशंटसाठी लागतो: ज्यांना शब्द सापडतात, पण स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट होतो आणि श्वास वाक्याच्या मध्येच संपतो. अशांना वर्तमानपत्रातला परिच्छेद दिला तर दम लागतो. छोट्या ओळींची कविता दिली की ओळ संपते तिथे थांबायची, श्वास घ्यायची परवानगी कवीनेच दिलेली असते. थांबल्याची लाज वाटत नाही. एक बाई अशीच वाचता वाचता म्हणाल्या, "हिला माझ्याएवढाच श्वास आहे." त्यांची कविता आता त्या स्वतः निवडून आणतात.

आणि मला स्वतःला ती कशाला लागते? काही दिवस असे येतात की एखाद्या कुटुंबाला सांगावं लागतं, आता यापुढे फार सुधारणा होईलसं वाटत नाही. खोलीत जाण्याआधी मी दाराबाहेर उभी राहून पाठ असलेली एक कविता मनातल्या मनात पूर्ण म्हणते. तिचा त्या बातमीशी संबंध नसतो. ती म्हणून झाली की माझा श्वास आणि शब्द जागेवर येतात, मी भरभर बोलून मोकळी होत नाही. ऐकणाऱ्यांना तेवढा वेळ मिळायला हवा.

त्यासाठी मी पाठांतर चालू ठेवते. शाळेत घोकंपट्टी म्हणून ज्याला हिणवलं गेलं त्याची बाजू घ्यायला मला अजिबात संकोच वाटत नाही. अर्थ न सांगता घोकून घेणं वाईटच. पण अर्थ सांगून झाल्यावर, कविता आवडल्यावर, ती पाठ न करणं म्हणजे ती अर्धीच घेणं. माझी रीत अशी: वहीच्या डाव्या पानावर कविता, उजव्या पानावर प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर. आधी डाव्या पानावरून मोठ्याने वाचायची, मग ते झाकून उजव्या पानावरून. काही दिवसांनी अक्षरंही लागत नाहीत. या वयात पाठ होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हे उजवं पान दाखवते.

नवीन पेशंट आला की माझ्या फॉर्मवर वय, शिक्षण, मातृभाषा, उजवा की डावखुरा, यांच्याबरोबर एक प्रश्न असतो: यांना काय पाठ आहे? बहुतेक घरांत या रकान्यापाशी सगळे एकमेकांकडे बघतात. तीस-चाळीस वर्षं एका छताखाली राहिलेल्या माणसाला कुठल्या ओळी येतात हे कुणालाच माहीत नसतं. मग गावाकडच्या धाकट्या बहिणीला फोन जातो, शाळेतल्या मित्राला जातो, आणि तिथून काहीतरी मिळतं. म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. घरातल्या मोठ्यांना, आणि हो, स्वतःलाही, हा प्रश्न आजच विचारा. अभंग, शाळेतली कविता, बडबडगीत, पसायदानाच्या नऊ ओव्या, जे असेल ते. नुसतं नाव लिहून ठेवू नका, त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. तीच कविता प्रत्येक घरात, प्रत्येक शाळेत थोड्या वेगळ्या चालीत आणि वेगळ्या ठिकाणी थांबत म्हटली जाते. मी माझ्या चालीत सुरुवात करून दिली तर पेशंटचं बोट टेबलावर गोंधळतं. त्यांच्या चालीत दिली की पहिल्या दोन शब्दांतच ठेका पकडतं.