डबल शेव: मूव्ह लागली, भिंत बंद

'डबल शेव' या आमच्या कातळचढाईच्या मार्गावर पुढे झुकलेल्या फुगवट्याची मूव्ह, म्हणजे अडून बसलेली चाल, रविवारी सकाळी पावणेनऊला लागली. दहाला भिंत बंद झाली. कागदोपत्री एप्रिलअखेरपर्यंत, पण खरं म्हणजे ऑक्टोबरपर्यंतच. मे महिन्यात त्या पश्चिमेकडच्या काळ्या कातळाला एकदा हात लावून बघा, मग 'उन्हाळ्यात जाऊ की' म्हणा.

क्रमानं सांगतो, नाहीतर नुसती चिडचिडच लिहून होईल.

खालची सात मीटरची भेग आता झोपेतही जाते. हात जॅम, पाय जॅम (भेगेत अडकवत वर सरकायचं), उजवीकडचा तो हलणारा तुकडा (अजून हलतोच, धरू नका) आणि आलं माजघर, म्हणजे मधला कट्टा. त्रास पहिल्यापासून माजघराच्या वरचाच आहे. उजव्या हाताला दीड पेराची क्रिंप (बोटांच्या टोकांनी धरायची बारीक कड), डाव्याला दोन बोटांचं भोक, आणि क्रिंपपासून सत्तर सेंटिमीटर वर ताट, म्हणजे मोठा होल्ड. ताट मिळालं की संपलं, पुढे पायऱ्याच आहेत. हे सत्तर सेंटिमीटर मी सप्टेंबरअखेरपासून नऊ फेऱ्यांत चढतोय. किती वेळा पडलो ते मोजायचं चाळिसाव्या वेळेला सोडून दिलं.

टाच अडकवायचा प्रकार मागच्या वेळी सविस्तर लिहिला होता. तो मी आता अधिकृतपणे रद्द केला. टाच बसते, पण कंबर बाहेर फेकली जाते आणि दोन बोटांच्या भोकावर सगळं वजन येतं. त्या भोकात स्फटिकांची धार आहे. बेसाल्टमध्ये वायूचे बुडबुडे राहतात, त्यांच्या आत झिओलाइट साचतं, संग्राहक लोक त्यासाठी जीव टाकतात. माझ्या मधल्या बोटाची कातडी मात्र तिसऱ्यांदा गेली. शिवाय शूज. दिवाळीआधी सोल बदलायला कुरिअरनं पाठवले होते. कुणाकडे ते लिहीत नाही. चिकटवलंय स्वच्छ, पण चारऐवजी साडेपाच मिलिमीटरचं रबर लावलं आणि पुढची कड चक्क गोल घासून दिली. बारीक होल्डवर उभं राहणं म्हणजे साबणाच्या वडीवर उभं राहणं झालं. शेवटी माझे जुने, अंगठ्याशी भोक पडायला आलेले शूजच बाहेर काढले. माझं मत विचाराल तर सोल फाटेस्तोवर वापरा आणि मग नवीन जोडीच घ्या.

तर शनिवारी रात्री पडल्याचे व्हिडिओ ओळीनं बघत बसलो होतो. पडताना माणूस कसा दिसतो हे बघून करमणूक होते, तेवढाच हेतू. एका प्रयत्नात डावा पाय घसरून आपोआप वळलेला दिसला. टाच बाहेर, करंगळीकडची कड दगडावर आणि गुडघा आतल्या बाजूला पडलेला. आणि त्या क्षणी, पडायच्या आधी, माझा उजवा खांदा जवळजवळ वीतभर वर गेला होता. जोर लावून नाही, नुसता गेला होता. मी तो तुकडा अकरा वेळा बघितला. दीड महिना मी डाव्या पायाच्या अंगठ्यावर समोरासमोर उभा राहून हातांनी ओढत होतो. अहो, ड्रॉप नी! जिममध्ये पोरांना हेच शिकवत हिंडतो मी.

रविवारी पोहे-जिलबीलाही थांबलो नाही, साडेपाचलाच इंदूरहून महू रस्त्याला लागलो. वरचा अँकर लावायला वीस मिनिटं गेली. दोन हेक्स, एक नट (भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे) आणि झाडाला बॅकअप. भाच्यानं बिले घेतला, म्हणजे खालून दोर सांभाळला. आधी माजघराच्या उजव्या टोकाशी दोरावर लटकून नुसती तेवढीच मूव्ह करून बघितली. पाय वळवला, गुडघा पाडला, कंबर भिंतीला चिकटली आणि हात ताटावर. इतकं सोपं, की मला रागच आला. ताटाच्या मागे एक खोबणी आहे, ती खालून दिसतच नाही. चारही बोटं आत जातात, आतून गार आणि किंचित दमट. त्या खोबणीत बोटं घालून मी बराच वेळ उगाच लटकून राहिलो. खालून भाचा, "मामा, झोपलात का?"

तीनदा केली, तिन्ही वेळा लागली. मग खाली उतरलो, अर्धा तास विसावा, चहा, नखं कापली. जमिनीपासून सलग जायचं ठरलं.

भेग संपवून माजघरात हात ठेवला, तेव्हा मगाचपेक्षा थोडा डावीकडे पडला. बोटांखाली काहीतरी मऊ. अंगठ्याएवढा करडा लोकरीचा गोळा, ओलसर, आणि त्यातून उंदराचा जबडा बाहेर आलेला. पेलेट, म्हणजे शिकारी पक्ष्यानं न पचलेलं ओकून टाकलेलं. वर नजर गेली तर दोन हातांवर मातीत उथळ खळगी खरवडलेली, बाजूला पांढरे फराटे, ते पण ताजे. अंडी नव्हती. मी "टेक" (दोर ताणून धर) म्हणायच्या आत डावीकडच्या कोपऱ्यातून शृंगी घुबड निघालं आणि नाल्यापलीकडे गेलं. एवढा मोठा पक्षी, पण पंखांचा आवाज शून्य.

घुबडांच्या विणीसाठी भिंत बंद ठेवायचा आपला नियम 1 डिसेंबर ते 30 एप्रिलचा. यंदा बाईसाहेब दोन आठवडे आधीच आल्या. आणि आधीचे तीन तास मी तिच्या घराच्या उंबऱ्यावर हाताला लावायचा चॉक उधळत होतो.

भाचा म्हणाला, "मामा, अंडी कुठे आहेत अजून? एकच गो घ्या, पाच मिनिटं." खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. दोर लागलेला, बोटं गरम, मूव्ह अंगात बसलेली. पण नेमकी हीच वेळ नाजूक असते. शृंगी घुबड घरटं बांधत नाही, कपारीतल्या मातीवरच अंडी घालतं. जागा पसंत करायच्या दिवसांत त्रास झाला तर ते सरळ दुसरीकडे जातं. आणि अंडी घातल्यावर त्रास झाला तर काय होतं, ते आपल्यातल्या तिघांनी पहिल्या वर्षी बघितलंय. तेव्हा काही कळत नव्हतं. दोन गोल पांढरी अंडी उघड्यावर, झाडावर डोमकावळा, आणि आम्ही तिथेच बसून आरामात दोर गुंडाळतोय. भाचा त्या दिवशी नव्हता. मी त्याला फक्त "खाली घे" म्हणालो. अँकरचे दोन तुकडे वरच अडकलेत, ते मे महिन्यात काढीन.

घुबडाला आणि मला एकच जागा का हवी असते, याचा विचार उतरताना करत होतो. माजघर आहे तिथे लाव्हाचे दोन थर भेटतात आणि मध्ये लाल बोलचा, म्हणजे लाव्हानं भाजलेल्या मातीचा, पट्टा आहे, भाजलेल्या विटेसारखा. तो लवकर झिजतो, म्हणून कट्टा तयार होतो. वरचा थर घट्ट, तो तसाच पुढे डोकावत राहतो, म्हणून फुगवटा तयार होतो. म्हणजे तिच्या डोक्यावरचं छप्पर आणि माझा क्रक्स (सगळ्यात अवघड जागा) एकच दगड आहे. माळव्याचं पठार निमाडात उतरतं त्या कडेला असे कट्टे पुष्कळ आहेत, पण भिंत चढण्याजोगी आणि कट्टा राहण्याजोगा असा जुळून आलेला आपल्याला हा एकच सापडलाय.

(जागा विचारणाऱ्यांना पुन्हा एकदा: सांगणार नाही. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे फिरतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, पण कायदा माजघरात राखणीला बसत नाही.)

आता पुढचं. आधी विचार होता, हिवाळाभर नाल्यातल्या बोल्डरवर जायचं. तिथे सध्या दोन आग्या मोहोळं लागलीत, तेव्हा तो विषय तिथेच थांबला.

दुसरा बेत सरावासाठी गच्चीवर तसाच फुगवटा उभा करायचा. फोनवर कोन मोजलेला आहे, बारा अंश. अठरा मिलिमीटरचा प्लाय, होल्डचे बोल्ट आवळायला मागून टी-नट. हे टी-नट सियागंजात मिळवायला चार दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानदारानं न विचारता खोकं पुढे केलं, वर "सोफ्यासाठी ना?" म्हणाला. मी हो म्हणालो. हातांचे होल्ड तयार आहेत. क्रिंपचा ठसा आधी कणकेत घेतला होता. घरी येईपर्यंत डब्यात त्याची पुरी झाली. मग बायकोच्या दंतवैद्य मैत्रिणीनं अल्जिनेटची पावडर दिली. पाण्यात कालवायची, कापलेल्या बाटलीच्या अर्ध्यात भरायची आणि होल्डवर दाबून धरायची. दोन-तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. फक्त त्यात लगेच पीओपी ओतायला हवं, नाहीतर पाणी सुटून ठसा आकसतो. म्हणून भिंतीखालीच पीओपी कालवलं. त्यावरून सुतारानं सागवानात कोरून दिलंय. लाकडावर कातडी टिकते, भोकात मुद्दाम धार ठेवलेली नाही. एवढी निष्ठा नको.

इथपर्यंत लिहिलं आणि लक्षात आलं की डाव्या पायाच्या होल्डचा ठसाच घेतलेला नाही! घेणार तरी कशाला, तो पाय रविवारी सकाळपर्यंत महत्त्वाचा कुठे होता? त्याचं अंतरही मोजलेलं नाही, आणि आता तिथे टेप घेऊन जाता येणार नाही.

लिहिणं थांबवून व्हिडिओ पुन्हा उघडला. ड्रॉप नी मारताना बूट आडवा दिसतो. माझा बूट 26 सेंटिमीटरचा, चित्रात 118 पिक्सेल. क्रिंपपासून पायापर्यंत खाली 436 पिक्सेल, म्हणजे 96 सेंटिमीटर. खूश झालो. मग वाटलं, कॅमेरा खालून वर बघतोय, उभी अंतरं आखूडच दिसणार. क्रिंप ते ताट टेपनं मोजलेलं 70 आहे आणि चित्रात 290 पिक्सेल. त्या मापानं पाय 105 सेंटिमीटरवर येतो. नऊ सेंटिमीटरचा फरक! आधीच्या आकड्यावर भोक पाडलं असतं तर हिवाळाभर चुकीची मूव्ह पाठ केली असती. डावीकडचं अंतर आडवं असल्यामुळे बुटाच्या मापानं चालेल, 33 आलं. तरी प्लायवर पायाच्या जागेभोवती पाच-पाच सेंटिमीटरवर जास्तीची भोकं पाडून घेतो. सुताराला सांगायचंय. आईलाही सांगायचंय, कारण प्लाय उभा राहणार ती तिची कुरडया वाळवायची जागा आहे.

बुधवारी संध्याकाळी मी आणि भाचा नाल्याच्या या काठावर जाऊन बसलो, भिंतीपासून दीडशे मीटर तरी लांब. सहाच्या सुमाराला घुमणं सुरू झालं, बू-बो, आणि थोड्या वेळानं दुसरा आवाज. भाच्यानं दुर्बीण माझ्याकडे दिली. एक माजघरात होतं. दुसरं ताटावर बसलं होतं, माझ्या चॉकच्या चार बोटांच्या ठशांवर.