हजारावर थांबलेली यादी

परीक्षा विभागातील एक ज्येष्ठ सहायक सकाळी कार्यालय उघडताच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, पोर्टल म्हणतंय मी नोकरीवर नाही. आज मला हॉलतिकिटं सोडायची आहेत." त्यांच्या पाठोपाठ ग्रंथालयातून फोन आला, मग लेखा विभागातून. पासवर्ड सर्वांचे बरोबर होते आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सर्वांची खाती सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत, प्रत्येकाचे खाते व्यवस्थित सुरू होते. बंद झाली होती ती फक्त पोर्टलवरची खाती.

मी ज्या शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात काम करतो, तेथे रोज रात्री एक प्रोग्रॅम डिरेक्टरी सर्व्हरवरून सर्व कर्मचाऱ्यांची यादी आणतो, ती पोर्टलच्या तक्त्याशी ताडून पाहतो आणि यादीत नसलेल्याचे खाते बंद करतो. आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका महाविद्यालयाचे कर्मचारी याच डिरेक्टरीत आले होते. रात्रीचा लॉग उघडला, तर कोठेही त्रुटीची नोंद नव्हती. काम यशस्वी झाल्याचा शेरा होता आणि त्याच्या वर एक ओळ होती : "मिळालेल्या नोंदी : १०००". आधीच्या रात्रीही तेवढ्याच. शेकडो माणसांची ये-जा असलेल्या संस्थेत कर्मचारीसंख्या दोन रात्री नेमकी हजार भरते, यावर माझा विश्वास बसेना.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एका शोधाच्या उत्तरात जास्तीत जास्त किती नोंदी द्यायच्या, हे मॅक्सपेजसाइज नावाच्या धोरणाने ठरते आणि त्याचे मूळ मूल्य १००० असते. आमचा प्रोग्रॅम डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग-संचातील डिरेक्टरीसर्चर हा शोधासाठीचा तयार क्लास वापरत होता. त्यात साइजलिमिट, म्हणजे जास्तीत जास्त किती नोंदी हव्यात तो आकडा, ५००० लिहिलेला होता. वाचणाऱ्याला वाटावे की पाच हजारांपर्यंतची सोय झालेली आहे. परंतु सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठा आकडा दिला, तर सर्व्हर स्वतःचीच मर्यादा लागू करतो. खरी गरज होती ती पेजसाइजची, म्हणजे एका पानात किती नोंदी मागायच्या त्या आकड्याची, आणि तो दिलेलाच नव्हता; न दिल्यास तो शून्य असतो, म्हणजे पानापानाने मागणीच होत नाही.

खात्री करण्यासाठी मी तोच फिल्टर, म्हणजे शोधाची अट, डॉटनेटच्याच प्रोटोकॉल्स या खालच्या स्तरावरील लायब्ररीतून चालवला. तेथे मात्र लगेच एक्सेप्शन, म्हणजे त्रुटीची सूचना, आले : आकारमर्यादा ओलांडली, एलडॅपचा (डिरेक्टरीशी बोलण्याच्या प्रमाणित पद्धतीचा) निकाल क्रमांक ४. म्हणजे सर्व्हर यादी अपुरी असल्याचे दर वेळी सांगत होता, पण डिरेक्टरीसर्चर ती सूचना गिळून हजार नोंदी निमूटपणे हाती देत होता. क्रम लावून मागितला नसेल तर नोंदी कोणत्या क्रमाने येतील याची हमी नसते, त्यामुळे कोण गळणार हेही कोणाच्या हाती नव्हते.

एका सहकाऱ्याने मॅक्सपेजसाइजच वाढवण्याचा पर्याय सुचवला. मी त्याला ठाम विरोध केला. ही मर्यादा सर्व्हरची स्मृती आणि वेळ राखण्यासाठी असते आणि एका प्रोग्रॅमच्या उणिवेसाठी सर्वांसाठीचे धोरण सैल करणे मला योग्य वाटत नाही. शिवाय विंडोज सर्व्हर २००८ पासून २०,००० च्या वर तो आकडा मानलाच जात नाही.

योग्य मार्ग सप्टेंबर १९९९ च्या आरएफसी २६९६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात दिलेला आहे. शोधाच्या विनंतीसोबत एक कंट्रोल, म्हणजे जादा सूचना, पाठवायचा, त्यात पानाचा आकार आणि सुरुवातीला रिकामी कुकी (यादी कोठवर आली याची सर्व्हरची खूण) असते. सर्व्हर तेवढ्या नोंदी देतो आणि नवी कुकी परत करतो. तीच कुकी जशीच्या तशी पुढच्या विनंतीत घालायची, शोधाचा पाया, फिल्टर आणि मागितलेले गुणधर्म मात्र बदलायचे नाहीत. कुकी रिकामी आली की यादी संपली. पानात नोंदी कमी आल्या किंवा एकही आली नाही, तरी कुकी भरलेली असेल तर पुढे विचारावेच लागते. एकूण नोंदींचा अंदाज उत्तरात देता येतो, पण सर्व्हर तेथे शून्यही पाठवू शकतो, म्हणून त्या आकड्यावर पाने मागण्याचा लूप थांबवू नये.

डिरेक्टरीसर्चरमध्ये पेजसाइज ५०० केले असते तरी हे सर्व आपोआप झाले असते. तरीही मी प्रोटोकॉल्सवरच नवा कोड लिहिला, कारण यादी पूर्ण आली की नाही हे मला स्वतः पाहायचे होते. संपूर्ण शोध एकाच डोमेन कंट्रोलरशी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरशी), एकाच कनेक्शनवर चालतो. कुकी दुसऱ्या सर्व्हरकडे नेऊन उपयोग नसतो. प्रत्येक पान आधी तात्पुरत्या तक्त्यात जाते आणि रिकामी कुकी हाती आल्यावरच तुलना सुरू होते. मधल्या एखाद्या पानावर त्रुटी आली, तर आलेले सर्व टाकून दिले जाते आणि त्या रात्री एकही खाते बंद होत नाही. माणसाला कामावरून गेलेला ठरवणाऱ्या प्रोग्रॅमने निदान एवढी खातरजमा केलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

खाती त्याच दुपारी पूर्ववत सुरू केली आणि हॉलतिकिटे संध्याकाळपर्यंत सुटली. पुढे विद्यार्थ्यांच्या गटांची तपासणी करताना अशीच दुसरी मर्यादा समोर आली : मोठ्या गटाचे सदस्य एका वेळी १५०० च मिळतात आणि तेथे पानांचा कंट्रोल उपयोगी पडत नाही. सदस्यांच्या गुणधर्माला शून्यापासून १४९९ पर्यंत अशी रेंज जोडून, मग पुढची रेंज मागावी लागते. शेवटच्या तुकड्यात वरच्या अंकाच्या जागी तारांकन येते. तो भागही आता त्याच नियमाने चालतो : तारांकन दिसेपर्यंत कोणाचेही नाव गटातून काढले जात नाही.