चितळाच्या मानेवरची शिवण

यंदाच्या मे महिन्यात आमच्या विभागात भिंतीवर लावलेल्या चितळाच्या मुंडक्याची मान उकलली. त्यानंतर जे केलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा लॅब असिस्टंट. बरण्यांतलं फॉर्मेलिन, सांगाडे, भुसा भरलेले पक्षी सगळं माझ्याकडे. चितळाचं मुंडकं 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचं. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद आहे, वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र फाइलला आहे. प्रयोगशाळेवर पत्रे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. आतला साचा आहे तेवढाच राहतो, वरचं कातडं मात्र आकसतं. मग जिथं जोड आहे तिथंच ते सुटतं.

हा जोड समोरून दिसत नाही. खांद्यापासून मानेच्या पाठीवरून सरळ वर चीर येते, आणि डोक्यावर तिचे दोन फाटे होऊन एकेका शिंगाच्या बुडाशी जातात. सांबराला मानेवर राठ, लांब आयाळ असते, तिच्यात काहीही लपतं. चितळाचे केस आखूड आणि अंगाला चिकटून बसलेले. त्यात पाठीवर काळसर पट्टा, बाजूला पांढरे ठिपके. जोड केसभर सरकला तरी ठिपका तुटलेला दिसतो.

ज्याने कोणी हे मूळ शिवलं, त्याला मी हात जोडतो. प्रत्येक टाका मांसाकडच्या बाजूने आत घालून केसांकडे काढलेला, म्हणजे दोऱ्यात केस अडकत नाहीत. जे अडकले असतील ते ओल्यातच सुईच्या टोकाने उचकून काढले असणार. दोन टाक्यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. त्यावर नंतर कुणीतरी तपकिरी ऑइलपेंट फासला होता. केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. टर्पेंटाइनमध्ये कापसाचा बोळा बुडवून तो रंग काढायला मला तीन दुपार लागल्या. शिवण केसांनी झाकायची असते. पण आमच्या साहेबांचंही तेच, ‘‘समिती येतेय, रंग मारून टाक.’’ शिवाय एका सहकाऱ्याने मदत म्हणून धूळ तोंडाने फुंकली. जुन्या मुंडक्यांत किडीसाठी सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक, लावलेला असू शकतो, हे मी दरवर्षी सांगतो. हातमोजे आणि मास्क मी एकटाच घालतो.

फट सुमारे चार मिलिमीटर. तीनधारी सुई आणि मेण लावलेला दोरा आणायला मी स्टँडजवळच्या चांभारकाकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, वाळेल कातडाले टाका सोसत नही.’’ सुई दिली, पैसे घेतले नाहीत.

मी ऐकलं नाही. मूळ शिवण इतकी देखणी होती की तिच्याच छिद्रांतून ती पुन्हा आवळावी असं वाटलं. पहिले चार टाके बसले. पाचवा ओढला आणि कातडं पापडासारखं तडकलं. दोन इंच, आणि नेमकं एका ठिपक्यातून. आवाज आला. तो आवाज मी कुणाला सांगितला नव्हता.

मग टाके कापून काढले. आधीच करायला हवं होतं तेच केलं. फटीत खालून पातळ सुती कापडाची पट्टी सरकवून चिकटवली, कडा त्यावर जशा होत्या तशा टेकवल्या, ओढल्या नाहीत. मधली जागा कागदाच्या लगद्यात रंग कालवून भरली. घट्ट पुट्टी भरली असती तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग पडली असती. केस त्याच चितळाचे घेतले, भिंतीकडच्या बाजूचे, फळीमागे कुणाला न दिसणारे. चिमट्याने पाच-सहा केसांचा झुबका धरायचा, बुडाला गोंद लावायचा आणि खांद्याकडून सुरुवात करून डोक्याकडे चढत जायचं, कौलं शाकारतात तसं. वरची ओळ खालच्या ओळीची बुडं झाकते. ठिपक्याला पांढरे केस वेगळे वेचले. अकरा दिवस कॉलेज सुटल्यावर थांबलो.

समिती आली, मुंडक्याखालून चहाला गेली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला ते लागलं, कारण फाटल्याचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजिस्टरच्या शेऱ्यात ते लिहिलं आणि कापलेला मूळ दोरा पाकिटात घालून तिथंच जोडला.

चांभारकाकांना मीच दाखवायला बोलावलं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, स्टुलावर चढले. हात लावू नका म्हटल्यावर हात मागे बांधले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग बोट लांबूनच त्या ठिपक्याकडे केलं.

‘‘आठे फाटनं ना, भाऊ?’’

मी हो म्हणालो.