दोह्याचा उन्हाळा आणि एक ओली वात

ऑगस्टमध्ये दोह्यात संध्याकाळी एसीच्या गाडीतून उतरलं की पहिलं काम चष्मा पुसायचं. काचांवर वाफच धरते. घरून फोन आला की आईचा प्रश्न ठरलेला, "आज किती डिग्री?" मी 34 म्हटलं की ती म्हणते, "मग बरंय की!"

बरं कुठलं? समुद्रावरून दमट हवा आली की घाम नुसता ओघळत राहतो, वाळत नाही. आणि अंग गार होतं ते घाम वाळला तर.

मी बांधकामाच्या साइटवर सेफ्टीचं काम बघतो. आमच्याकडे तीन पायांच्या स्टँडवर एक यंत्र असतं. त्यात एक साधा थर्मामीटर, एक काळ्या गोळ्यातला, आणि एक ओल्या सुती वातीत गुंडाळलेला; वातीतलं पाणी वाळतं तसा हा घामेजल्या अंगासारखा गार होतो. तिन्ही मिळून यंत्र एकच आकडा देतं. उन्हात त्या हिशेबात ओल्याला 70 टक्के वजन, गोळ्याला 20 आणि साध्याला फक्त 10. आई विचारते तो आकडा या दहा टक्क्यांतला. कतारच्या 2021 च्या नियमाप्रमाणे 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. शिवाय यंत्राचा आकडा 32.1 च्या वर गेला की कुठल्याही वेळी काम थांबवायचं. रात्री आठला हवा 34 आणि ओला थर्मामीटर 32 असला, तर सूर्य नसतानाही आकडा 32.6 होतो. नव्या माणसाला हे पटतच नाही.

एकदा भर सकाळी आकडा भलताच चढला. काम थांबवलं, इंजिनिअर वैतागला. जाऊन बघतो तर वात कोरडीठाक! पाणी घालायचं मीच विसरलो होतो. तेव्हापासून रोज पहिली फेरी त्या वातीकडे.

पण माणूस यंत्रावर दिसत नाही. सळया बांधणारा आमचा एक जुना गडी दोन महिन्यांची सुट्टी काढून परतला. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाचंच काम देतो, मग रोज तेवढंच वाढवत जातो. हा तर दहा वर्षांचा मुरलेला, म्हणून थेट पूर्ण पाळीवर. उन्हाची सवय सुट्टीत उतरते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. तिसऱ्या दिवशी तो एकाच जोडावर तार गुंडाळत बसलेला दिसला. खोली नंबर विचारला तर बसचा नंबर सांगत राहिला. वर "ठीक हूँ साब" चालूच.

बोलण्यात गोंधळ म्हणजे उष्माघात समजायचं, थर्मामीटर शोधत बसायचं नाही. अँब्युलन्सला फोन केला, सावलीत नेऊन कपडे काढले, पिण्याच्या पाण्याचा बर्फासकट आख्खा डबा त्याच्यावर ओतला आणि पंखा लावला. वाचला.

नंतर त्याच्याशी बोलताना कळलं, सकाळपासून तो जेमतेम दोन ग्लास प्यायला होता. दर पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी प्या, असे फलक मी जागोजागी लावले होते. तो म्हणाला, "साब, पाणी प्यायलं की जावं लागतं. संडास तिकडे गेटपाशी."

मी पावलं मोजली. जायला 412, यायला 412, तीही उन्हातून. दुसऱ्याच दिवशी फिरता संडास क्रेनने उचलून सळयांच्या यार्डाशेजारी आणून ठेवला.