गरम बंडी आणि डाव्या बाजूचे बटण : आमची वाटचाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत २००९ साली आठ शिलाई यंत्रांवर आम्ही शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली आणि पुढील सात वर्षे तेच शिवले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मोटारसायकलस्वारांच्या हीटेड व्हेस्टचा, म्हणजे आमच्या कारागिरांच्या भाषेत गरम बंडीचा, विषय आणला तो बार्शीच्या एका गुरुजींनी. ते दर वर्षी जूनमध्ये बुलेटवरून लडाखला जाणारे गृहस्थ. २०१६ च्या मार्चमध्ये, सोलापूर तापू लागलेले असताना, ते एक परदेशी बंडी पिशवीत घालून आले आणि म्हणाले, "मालक, ही पाठीत गरम होत नाही. उसवून बघा, आणि जमलं तर अशीच एक शिवून द्या." आमचे कटिंग मास्तर शहराच्या पूर्व भागातले, चाळीस वर्षे कात्री चालवलेले. त्यांनी अस्तर उसवले, तेव्हा आत कार्बन फायबरच्या बारीक दोऱ्याच्या नागमोडी ओळी निघाल्या. छातीचे दोन पॅनेल शाबूत होते, पाठीचा मात्र कंबरेपाशी तुटलेला होता. त्या तुटक्या टोकाकडे आम्ही तेव्हा नीट पाहिले असते, तर पुढचे बरेच काही टळले असते.

सोलापुरात बसून थंडीचा कपडा तपासायचा कुठे, हा पहिला प्रश्न होता. नान्नज परिसरातील द्राक्षाच्या एका शीतगृहाच्या मालकांनी रात्री दोन तासांची परवानगी दिली. मास्तर बंडी घालून क्रेटवर बसले, समोर मोठा पंखा लावला आणि पायाशी गाडीची बॅटरी ठेवली. हवेचे तापमान ५ अंश असले तरी ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ते उणे ३ अंशांसारखे लागते, हे गणित कागदावर ठाऊक होते. मास्तरांनी तासाभराने हातमोजे काढून बोटे मोकळी हलवून दाखवली, तेव्हा बंडीचा उपयोग पटला. धड गार पडले की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेते, म्हणून छाती-पाठ उबदार राखली की बोटेही बरी राहतात. नुसते जाड हातमोजे घेणाऱ्यांना आम्ही हे आजही सांगतो आणि ते आजही ऐकत नाहीत.

२०१८ मध्ये पुण्यातील एका व्यापाऱ्याने २४० बंड्यांची मागणी दिली. नगाला २,६०० रुपये भाव ठरला, दीड लाख आगाऊ मिळाले. माल अर्धा झाल्यावर त्याने भाव पाडायला सुरुवात केली आणि उष्णता कमी-जास्त करणारा कंट्रोलर काढून साधे चालू-बंद बटण बसवायला सांगितले. फ्यूज काढायला आम्ही नकार दिला. कंट्रोलर मात्र काढला. ती चूक आमची, हे येथे लिहून ठेवतो.

दुसरी चूकही आमचीच. बंडी ४० वॅटची धरून १२ व्होल्टला ३.६ ओहम रेझिस्टन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, हिशेब आम्ही टेबलावरच्या बॅटरीवर केला होता. चालत्या गाडीत चार्जिंग सुरू असताना व्होल्टेज १४ पर्यंत जाते, आणि त्याच ३.६ ओहमवर ५४ वॅट, म्हणजे ३६ टक्के जास्त उष्णता निघते. कमी करायला कंट्रोलर नाही. त्यात कंबरेवरचा जोड सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधलेला, होता. सोल्डर तारेच्या पिळात वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि स्वार पुढे वाकला की सगळा ताण त्या कडक भागाच्या कडेवर येतो. तार एकेक पदर करून तुटत जाते आणि उरलेल्या दोन पदरांतून सगळा प्रवाह वाहतो, तेव्हा ते तापतात. डिसेंबरात पहिली बंडी परत आली. आतल्या अस्तरावर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. जानेवारीत सारे गाव सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत असताना आम्ही १६३ परत आलेल्या बंड्या मोजत बसलो होतो. पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर होते, सहा यंत्रे विकली, आणि पगाराच्या दिवशी मास्तरांनी पाकीट न उघडता परत दिले.

दोष आमचा होता, हे मान्य आहे. पण सर्व बंड्या स्वखर्चाने दुरुस्त करून पाठवल्यावरही त्या व्यापाऱ्याने उरलेले ४,७४,००० रुपये दिले नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात त्याच्या नावाच्या पट्टीसह आमचाच पॅटर्न बाजारात आला. तीच काखेची गोलाई, तीच तिरपी शिवण. फरक एकच होता, बटण उजव्या बाजूला होते. उजवा हात थ्रॉटलवर असतो, त्यामुळे धावत्या गाडीवर बटणापर्यंत फक्त डावा हात पोहोचू शकतो. ज्याने नक्कल केली, त्याने बंडी घालून मैलभरही गाडी चालवली नव्हती.

त्यानंतर आम्ही रेझिस्टन्स १४ व्होल्टवर ४.९ ओहम धरला, कंट्रोलर परत आणला आणि सोल्डर सोडून क्रिंप, म्हणजे तारेवर दाबून घट्ट बसवायची धातूची नळी, वापरू लागलो. क्रिंपिंगचा पाना २०१९ साली घेतला. पूर्ण दाब बसल्याशिवाय त्याचा जबडा सुटत नाही, म्हणून तो नवशिक्या मुलाच्या हातीही निर्धास्तपणे देता येतो. जोड कंबरेवरून बगलेखाली नेला. तो वाकू नये म्हणून मास्तरांनी चादरीच्या किनारीची सुती पट्टी त्याच्यावर आडवी शिवली, आणि ती पट्टी अजून तशीच आहे.

विषय निघालाच आहे म्हणून घेणाऱ्यांना सांगतो. बंडी अंगाला घट्ट हवी, आत पातळ पूर्ण बाह्यांचा बनियन आणि वरून वारा अडवणारे जाकीट हवे. वायर थेट बॅटरीवरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच असावा. हेडलाइट व बंडी दोन्ही चालू असताना बॅटरीवर १३ व्होल्टच्या खाली काटा उतरत असेल, तर गाडीला हा भार पेलत नाही असे समजावे. पॉवर बँकेवर चालणारी बंडी घेतलीत, तर बँक आतल्या खिशात ठेवा, कारण थंडीत तिची ताकद घटते. आणि थंडी वाजेपर्यंत थांबू नका, आधीच चालू करा.

गुरुजींची पहिली बंडी गेल्या महिन्यात पुन्हा टेबलावर आली होती. क्रिंप बसवून दिल्यापासून तिने अटल बोगदा झाल्यावरच्याही लडाखच्या फेऱ्या केल्या आहेत. मास्तरांनी बगलेतली पट्टी उसवून जोड पाहिला, मल्टिमीटर लावला, आकडा ४.९ आला. बिघाड फक्त चेनच्या रनरचा होता. तो बदलला, पट्टी पुन्हा शिवली आणि गुरुजींनी पुढे केलेली पन्नासची नोट मास्तरांनी त्यांच्याच पिशवीत टाकली.